हात कुठे आहेत, ते बघा

पत्र :

«नमस्कार ताई. आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझी मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची. चार वर्षं तायक्वांदोला जाते, आता ब्लू बेल्ट आहे. आधीचे सर हातांवर फार भर द्यायचे. ठोसे, माक्की (मार हाताने अडवणं), पूमसे (ठरावीक क्रमाने करायच्या हात-पावलांच्या हालचाली) सगळं घोटून घ्यायचे. जूनपासून नवे सर आलेत. ते म्हणतात, स्पर्धेत हाताला किंमत नाही, वेळ पायांवर घालवा. दीड तास नुसत्या किका चालतात. मुलीला किका आवडतात, पण ती अंगाने लहानखुरी आहे. म्हापशाच्या स्पर्धेत ती एका उंच मुलीकडून दोन्ही राउंड हरली. जवळ गेली की काय करावं तेच तिला कळत नव्हतं, हात नुसते लोंबत होते. आता हे म्हणतात, हातच शिकवत नसतील तर कराटेला घालू, नाहीतर सोबत बॉक्सिंग तरी लावू. पुढे कॉलेजला ती बसने पणजीला जाईल, तेव्हा स्वतःला सांभाळता यावं हाही विचार आहे. सर चुकतात का? आम्ही काय करावं? — एक आई, फोंडा»

ताई, नमस्कार.

आधी सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देते. क्लास बदलू नका. बॉक्सिंग आत्ता लावू नका. हातांचा सराव मात्र उद्यापासून पुन्हा सुरू करा, घरी. सर सांगतात त्यात खोटं काही नाही. पण ते गुणांचा हिशेब सांगतात, आणि तुमच्या मुलीची अडचण गुणांपर्यंत पोचायच्या आधीच सुरू होते.

तो हिशेब तुम्हीही समजून घ्या, म्हणजे सरांशी बोलताना उपयोगी पडेल. ऑलिंपिकमध्ये जो तायक्वांदो खेळतात त्याच्या नियमांत छातीच्या गार्डवर बसलेल्या ठोशाला 1 गुण आहे. तिथेच किक बसली तर 2, डोक्याला लागली तर 3. अंग फिरवून मारलेली किक छातीवर बसली तर 4 आणि डोक्यावर बसली तर 5. डोक्यावर ठोसा मारायचाच नाही. मारला तर दंड आपल्याला आणि गुण समोरच्याला. शिवाय किक गार्डमधला सेन्सर मोजतो, ठोशाचा गुण मात्र कोपऱ्यातल्या पंचांनी डोळ्यांनी बघून द्यायचा असतो. ठोसा मोकळा, सरळ आणि दणका ऐकू येईल असा बसला तरच पंच बटण दाबतात. 2017 च्या आधी छातीवरच्या साध्या किकलाही एकच गुण होता. तो दुप्पट झाला आणि ठोसा आणखी मागे पडला.

सरांच्या हातात आठवड्याचे मोजके तास, वीस-पंचवीस मुलं, आणि पुढची स्पर्धा डोक्यावर. त्यांनी पायांना जास्त वेळ दिला तर मी त्यांना दोष देणार नाही. मी स्वतः स्पर्धेसाठी मुलं तयार करते तेव्हा दहातली सहा-सात मिनिटं पायांनाच जातात. प्रश्न उरलेल्या तीन-चार मिनिटांचा आहे. ती शून्यावर आणली की काय होतं, ते मला माझ्या डाव्या करंगळीने शिकवलं.

मी सोळा वर्षांची होते, निवड चाचणी चालू होती. पाय माझे चांगले चालायचे. हात छातीसमोर उघडे, बोटं पसरलेली, जशी आजही कितीतरी मुलं ठेवतात. समोरच्या मुलीची गोल किक आली आणि मी ती तळव्याने अडवायला गेले. नेहमीचा गार्डचा फटक्याचा आवाज आला नाही, काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला. करंगळी मुळाशी मोडली होती. महिनाभर दोन बोटं एकमेकांना बांधून हिंडले, आणि आजही पावसाळा लागला की ते बोट सकाळी उशिरा वळतं. आमच्या क्लासात किक घ्यायची ती बंद मुठीने, कोपर ते मनगट या भागावर, हे कुणी रोज घोटून घेतलं नव्हतं. बेल्ट टेस्टपुरती माक्की केली, टेस्ट झाली, विसरलो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात मी दुसरं काही कमी शिकवेन, पण मूठ बंद, अंगठा बोटांच्या बाहेरून आडवा, मनगट सरळ, एवढं शंभरदा करून घेते. हे गुण मिळवण्यासाठी नाही. बोटं शाबूत राहावीत यासाठी आहे.

आता म्हापशाच्या त्या सामन्याकडे येऊ. मी तो पाहिला नाही, पण तुम्ही एका वाक्यात जे लिहिलंत त्यावरून मला तो दिसतो.

उंच मुलीशी खेळताना तीन अंतरं असतात. लांबचं अंतर, जिथे तिचा पाय पोचतो आणि आपला नाही. मधलं, जिथे दोघींचे पोचतात. आणि जवळचं, गार्डला गार्ड लागेल इतकं. लांबच्या अंतरावर तुमची मुलगी कितीही चपळ असली तरी मारच खाणार. तिचा फायदा जवळ जाण्यात आहे, कारण तिथे उंच मुलीच्या लांब पायाला उघडायला जागा उरत नाही. तुमची मुलगी जवळ गेली, म्हणजे तिला हे आपोआप उमगलं होतं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण जवळ जाऊन काय करायचं हे तिच्या हातांना ठाऊक नव्हतं. मग अशी मुलं दोनपैकी एक करतात. एकतर समोरच्याला धरतात, आणि धरल्याबद्दल दंड त्यांनाच बसतो. नाहीतर हात सोडून उभी राहतात आणि समोरची मुलगी मागे सरकता सरकता डोक्याला पाय लावून जाते. तीन गुण.

शिकलेला हात त्या जागी काय करतो? पुढचा हात समोरच्या खांद्याच्या रेषेत येऊन तिचा वरचा पाय उठायची वाट अडवतो. मागच्या हाताचा ठोसा सरळ गार्डच्या मध्यावर बसतो. पंचांनी गुण दिला तर उत्तमच, पण ठोशाचं खरं काम समोरचीला अर्धं पाऊल मागे सारणं हे आहे. ती अर्धं पाऊल मागे गेली की दोघींच्या मधे बरोबर तेवढीच जागा तयार होते, जेवढी तुमच्या मुलीच्या आखूड पायाला लागते आणि उंच मुलीच्या पायाला पुरत नाही. त्याच क्षणी किक. ठोसा, पाऊल, किक, एका श्वासात. हाताने दार उघडायचं आणि पायाने आत शिरायचं. सर ज्या दोन गुणांसाठी एवढे राबतात, ते तुमच्या मुलीला या दारातूनच मिळणार आहेत. उंच मुलांचे सर हाताकडे थोडं दुर्लक्ष करू शकतात. लहानखुऱ्या मुलांच्या सरांना ती चैन परवडत नाही.

आणि नुसती किक घेतली तरी ती हातांवाचून होत नाही. हे मला जरा सावकाश सांगायचं आहे, कारण क्लासात हे सगळ्यात कमी बोललं जातं.

मुलीला सांगा, ओसरीवर एक डोलियो चागी, म्हणजे गोल किक, मार, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तिचा व्हिडिओ काढा. पाय लक्ष्याला लागतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. पायाकडे बघू नका, हातांकडे बघा. माझा अंदाज आहे की दोन्ही हात बदकाच्या पंखांसारखे बाजूला फाकलेले असतील, आणि हनुवटी वर आलेली असेल. असं होतं ते तिच्या चुकीमुळे नाही. उजवा पाय वेगाने पुढे फिरला की अंगाला तोल सावरायला काहीतरी मागे टाकावंच लागतं, आणि न शिकवलेलं अंग दोन्ही हात टाकून देतं. शिकवलेलं अंग हिशेब करतं. उजवा हात मांडीच्या बाजूने खाली-मागे जातो, तेवढ्याने तोल सावरतो. डावी मूठ गालापाशी राहते, कोपर बरगडीला. उभा पाय टाचेने लक्ष्याकडे वळतो, कंबर पूर्ण उघडते. हात फाकलेले असतील तर खांदे मागे पडतात, कंबर अर्धीच वळते, आणि किक दिसायला उंच पण लागायला पोकळ होते. आताच्या गार्डना ठरावीक जोर लागल्याशिवाय गुण चढत नाही. पोकळ किकला सेन्सर गप्प बसतो.

चवथीला तुम्ही फुगडी घातली असेलच. बघणाऱ्याला पाय दिसतात, गरगर फिरणारे. पण फुगडी घालणारीला विचारा, सगळं बळ मनगटांच्या पकडीत असतं. एकीची पकड सैल झाली की दोघी दोन दिशांना. किकमध्ये पकड घ्यायला समोर दुसरी बाई नसते, आपल्याच हातांनी आपल्याला धरून ठेवायचं असतं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे असंच सांगते आणि त्यांना ते चटकन कळतं.

तेराव्या वर्षी हे आणखी महत्त्वाचं. या वयात पायांची हाडं भरभर लांब होतात, मांडीचे स्नायू त्यांच्यामागून वाढतात. काल जमलेली किक आज जमत नाही, मुलं अडखळतात, चिडतात. तिला असे दिवस आले तर पाय ताणून ताणून उंची मिळवायच्या मागे लावू नका. ते दोन-चार महिने हातांना द्यावेत, तोल आपला आपण परत येतो.

तुमच्या आधीच्या सरांविषयीही थोडं लिहिते, कारण पत्रातून असं वाटतं की त्यांची शिकवण आता जुनी ठरली असं घरात बोललं जातंय. चार वर्षांपूर्वी तिने पहिला पूमसे शिकला असेल, तेगुक इल जांग. त्यात लाथा किती आहेत ते तिला मोजायला सांगा. अख्ख्या पूमसेत दोन. बाकी सगळं हात आणि पावलं. ज्या खेळाची ओळख लाथांनी होते, त्याचा पहिला धडा हातांचा आहे. जिरुगी, म्हणजे सरळ ठोसा, मारताना दुसरी मूठ कमरेला जोरात खेचायची, हे सरांनी तिला हजारदा ओरडून सांगितलं असेल. त्या खेचण्यातूनच कंबर वळायला शिकते, आणि तीच वळलेली कंबर पुढे किकमध्ये कामाला येते. आता ब्लू बेल्टला ती ओ जांग, म्हणजे पाचवा पूमसे, करत असेल. त्यात मुठीचा हातोडीसारखा फटका आहे, कोपराचा मार आहे. पूमसे म्हणजे टेस्टपुरतं पाठ करायचं काहीतरी, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत पूमसेची पदकं होती. अरुणाचल प्रदेशच्या रूपा बायोरने 2024 मध्ये आशियाई पूमसे स्पर्धेत वैयक्तिक कांस्य मिळवलं. तुमच्या मुलीची उंची फार वाढली नाही आणि हात-पावलं नेटकी असली, तर हीही एक वाट आहे. लांब पायाचा फायदा तिथे फाइटइतका मोठा नसतो.

यजमानांच्या कराटेच्या सूचनेबद्दल. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, कराटेत हात जास्त आहेत. पण त्यांना एक गोष्ट सांगा. तायक्वांदोतले हात बरेचसे तिथूनच आले. कोरियावर जपानचं राज्य असताना काही कोरियन तरुण जपानात शिकायला गेले आणि कराटे शिकून परतले. 1944 मध्ये सोलमध्ये चुंग दो क्वान सुरू करणारे ली वोन कुक हे शोतोकान कराटे शिकलेले होते. तायक्वांदो हे नाव 1955 मध्ये पुढे आलं. ताए म्हणजे पायाचा मार, क्वोन म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग. मूठ नावातच आहे. पुढे स्पर्धेचे नियम पायाला झुकते झाले, 1988 ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक झालं, 2000 ला सिडनीत पदकांचा खेळ झाला, आणि क्लासांमधून हात हळूहळू मागच्या बाकावर गेले. जे मुलीला हवं आहे ते तिच्याच विद्येत आहे, फक्त काढून वापरायचं आहे. चार वर्षांची मेहनत सोडून पुन्हा पांढऱ्या बेल्टवर उभं राहायची गरज नाही. (तायक्वांदोचीही दुसरी एक शाखा आहे, आयटीएफ नावाची, तिथे हातात ग्लोव्हज घालून डोक्यावरही ठोसे चालतात. तुमच्या मुलीचा दोबोक, म्हणजे क्लासचा पोशाख, डोक्यातून घालायचा, व्ही गळ्याचा असेल तर ती त्या शाखेत नाही. कुणी इंटरनेटवरचे त्यांचे सामने दाखवून «बघा, इथे तर ठोसे चालतात» म्हणालं तर गोंधळू नका.)

बॉक्सिंगला मी आत्ता नको म्हणते ते त्या खेळात काही वाईट आहे म्हणून नाही. बॉक्सिंगमध्ये वजन दोन्ही पायांवर, गुडघे वाकलेले, डोकं पुढे. तायक्वांदोत पुढचा पाय हलका, केव्हाही उचलता येईल असा. तेराव्या वर्षी दोन्ही सवयी एकदम अंगात घातल्या की पाऊल कुठलं टाकावं तेच कळेनासं होतं. सोळा-सतराव्या वर्षी, फाइट पक्की झाल्यावर, तिला वाटलं तर जरूर घाला.

आता बसचं.

तुम्ही हे पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत. पण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते याच काळजीने. म्हणून स्पष्ट लिहिते. फोंडा-पणजी कदंब बसमध्ये सकाळी आठला दोन पाय टेकायला जागा मिळत नाही, तिथे डोक्याला किक कुठून मारणार? पावसात स्टँडच्या ओल्या फरशीवर, पायात चप्पल, खांद्यावर बॅग, अशा वेळी एका पायावर उभं राहणं हीच चूक. अशा जागी हातच कामाला येतात. कोपर मागे मारता येतो. तळहाताचा मनगटाजवळचा गादीसारखा भाग समोरच्याच्या नाकाखाली किंवा हनुवटीवर ढकलून मारता येतो. नुसत्या बंद मुठीने कुणाच्या डोक्यावर मारू नको, हे तिला जरूर सांगा. कवटी कठीण असते, करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड मोडतं आपलंच. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हिसका देऊन सोडवायचं, कारण पकडीत तेवढीच फट असते. ब्लू बेल्टला हे तिला शिकवलं असायला हवं; नसेल तर सरांना मुद्दाम विचारा, कुठलेच सर याला नाही म्हणणार नाहीत.

आणि याच्याही आधी आवाज. तिला क्लासात कियाप, म्हणजे मारताना द्यायची आरोळी, द्यायला शिकवलंय, तोच आवाज बसमध्ये निघायला हवा. «हात काढ!» एवढंच, पोटातून, सगळ्या बसने वळून बघावं असं. मी पाहिलंय, मॅटवर छप्पर उडेल असा कियाप देणाऱ्या मुली बाहेर तोंडातून शब्द काढत नाहीत. हाही घरी सराव करायचा विषय आहे, आणि तो आईसमोर केला तर जास्त चांगला. मारामारीत जिंकायचं नसतं, सुटून माणसांत जायचं असतं, कंडक्टरला सांगायचं असतं, गरज पडली तर 112 फिरवायचा असतो. चांगल्यातला चांगला खेळाडूही रस्त्यावर सुरक्षित राहीलच असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता घरचा सराव. रोज पंधरा मिनिटं, क्लास असेल त्या दिवशी नको. सामान काही लागत नाही.

ओसरीवर कपडे वाळत घालायची दोरी असेलच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोबोक त्याच दोरीवर चार-चार दिवस दमट लटकतो, तुम्हाला सांगायला नको. त्या दोरीला जुन्या वर्तमानपत्राचं एक पान दोन चिमट्यांनी लावा, तिच्या छातीच्या उंचीला. तिने एक हात अंतरावर उभं राहून त्या पानावर जिरुगी मारायची. ढकललं तर पान नुसतं हलतं. मूठ शेवटच्या वितीला वळली आणि तितक्याच वेगाने मागे आली, तर पान «फट्» वाजतं. फार नेमकी बसली तर फाटतं. पहिल्या आठवड्यात वीस ठोशांत दोन-तीनदा वाजेल. महिन्याभरात दहा-बारादा वाजायला लागेल. पंचांना जो दणका ऐकू यावा लागतो तो याच वेगातून येतो, ताकदीतून कमी. डाव्या हाताने उजव्याइतकेच मारायचे, तिथे मुली हमखास चोरी करतात, लक्ष ठेवा.

दुसरं, आरशासमोर किंवा काचेच्या दारासमोर हळू किका. अगदी हळू, गुडघा उचलायला दोन मोजायचे, पाय उघडायला दोन, परत आणायला दोन. या सगळ्या वेळात गालापाशी असलेली मूठ हलता कामा नये. त्या बाजूच्या काखेत एक दुमडलेला रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला की ती किक धरायची नाही. असे दहा डावे, दहा उजवे पुरे. जोरात पन्नास मारण्यापेक्षा हे कठीण आहे, तिला घाम फुटेल. पाऊस असेल तर फरशी आधी कोरडी पुसून घ्या, आणि पायात मोजे नकोत.

जे करायचं नाही तेही सांगते. भिंतीवर ठोसे नकोत. सिमेंटवर मुठींवरचे पुश-अप नकोत. कुणी हौसेने कौलं किंवा फरशा फोडायला सांगितल्या तर या वयात ठाम नाही म्हणा. बोटांची, मनगटाची हाडं अजून वाढताहेत, त्यांच्या टोकांशी जो मऊ भाग असतो तिथे दुखापत झाली तर हाड वाकडं वाढू शकतं. मूठ टणक करायची घाई करून आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

सरांशी जरूर बोला, पण «तुम्ही हात शिकवत नाही» असं म्हणत जाऊ नका. सगळ्या मुलांसमोर तर नकोच. क्लास सुटल्यावर, मॅट गुंडाळायला चार मुलं लागलेली असतात तेव्हा बाजूला गाठा. म्हणा, «सर, जवळ गेल्यावर हिला काय करावं सुचत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं क्लिंचमधून (अंगाला अंग भिडलेलं असताना) बाहेर पडायचं आणि ठोसा मारून किक, एवढं घ्याल का?» प्रश्न खेळाच्या भाषेत आणि तुमच्याच मुलीपुरता ठेवा. स्पर्धा जिंकून देऊ पाहणारे सर हे ऐकतील, कारण त्यात त्यांचेच गुण आहेत. म्हापशाच्या सामन्याचा व्हिडिओ असेल तर सोबत न्या, आणि ज्या दोन-तीन जागी ती जवळ जाऊन थबकली त्या आधीच काढून ठेवा.

हे सगळं करूनही तीन महिन्यांत क्लासात पूमसे नाही, माक्की नाही, एकसुद्धा ठोसा नाही असंच चाललं, तर मग मला पुन्हा लिहा. तेव्हा क्लासविषयी वेगळा विचार करू. फोंडा ते म्हापसा मुली घेऊन जाणाऱ्या आया मला माहीत आहेत, पण आठवीच्या मुलीला ती दगदग मी सहज सुचवणार नाही.

एक काम मात्र तुमचंच आहे. पानाचा सराव आठवडाभर झाला की तुम्ही समोर उभ्या राहा, जाड उशी दोन्ही हातांनी छातीशी धरून. मुलगी अगदी जवळ, तिचं कपाळ तुमच्या खांद्याला लागेल इतकी. तुम्ही हलकेच पुढे रेटत राहायचं, उंच मुलीसारखं. तिने उशीच्या मध्यावर ठोसा मारून तुम्हाला अर्धं पाऊल मागे सारायचं आणि लगेच, पाय खाली न ठेवता परत घेत, उशीच्या बाजूवर किक मारायची. सुरुवातीला ती हळू मारेल, आईला लागेल म्हणून. तुम्हीच तिला जोरात मारायला सांगा. उशी बरगड्या झाकतील अशी धरा, कोपर अंगाला चिकटवून, आणि तिची मूठ येते तेव्हा श्वास सोडा, म्हणजे तुम्हालाही लागणार नाही.